ट्रॅक्टरचा डायनामो परत बसवताना फॅन बेल्ट कसा ताणायचा

तालुक्याच्या वायरमनकडून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग, ज्याला सर्रास डायनामोच म्हणतात) दुरुस्त होऊन आला, की उरलेलं काम किरकोळ वाटतं. दोन बोल्ट, दोन-तीन वायरी आणि एक बेल्ट. पाने हाताशी असतील तर घरच्या घरी जमण्यासारखंच आहे ते. त्यातला एकच भाग फसवा आहे, तो म्हणजे बेल्टचा ताण. तो चुकला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. कळतं ते महिन्याभराने, कामाच्या ऐन गर्दीत.

हा लेख ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. ट्रॅक्टर डोळ्यासमोर ठेवला आहे, कारण त्याचं इंजिन उघडं असतं आणि शिकायला सोपं पडतं. जुनी जीप, पिकअप, टेम्पो यांच्यात अल्टरनेटर जर लांबट खाच असलेल्या लोखंडी पट्टीवर आवळलेला असेल, तर पद्धत हीच. नव्या कारची तऱ्हा वेगळी, तिच्याबद्दल शेवटी थोडं सांगतो.

हा बेल्ट नेमकं काय ओढतो

बॉनेट उघडून समोरून बघा. बहुतेक ट्रॅक्टरांत एकच बेल्ट तीन पुल्यांवरून फिरतो. खाली क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टची, मोठी पुली, वर मध्ये पंखा आणि पाण्याचा पंप, आणि बाजूला अल्टरनेटर. क्रँक जागचा हलत नाही, पंपही हलत नाही. हलतो तो फक्त अल्टरनेटर. खालच्या बोल्टवर तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि वरच्या खाचेत पाहिजे तिथे आवळता येतो. म्हणजे अल्टरनेटर बाहेर ओढला की बेल्ट ताणला जातो, आत ढकलला की सैल होतो. बेल्ट ताणायला दुसरं काहीच दिलेलं नसतं.

म्हणून 'चार्जिंग थोडं कमी झालं तरी चालेल, डिझेलचं इंजिन बॅटरीवाचूनही चालतं' हे बोलणं इथे लागू पडत नाही. बॅटरी उतरली तर फार तर सकाळी धक्का मारावा लागेल. पण बेल्ट घसरू लागला की पंखा मंदावतो, पाणी फिरायचं कमी होतं, आणि रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर भर उन्हात काही मिनिटांत तापतो. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडाल्यावर होणाऱ्या खर्चापुढे अल्टरनेटरची दुरुस्ती काहीच नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ओढला तर तो सतत अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगला आणि पंपाच्या बेअरिंगला एका अंगाला खेचत राहतो. पंपाचं बेअरिंग ढिलं झालं की सील जातं, आणि पंपाखालून पाणी टपकायला लागतं. नवशिक्याच्या हातून बहुतेक वेळा हीच चूक होते, असं माझं निरीक्षण आहे. सैल बेल्ट किंचाळतो, त्यामुळे त्याची भीती वाटते. घट्ट बेल्ट गप्प असतो, त्यामुळे तो बरोबर वाटतो. फॅन बेल्ट म्हणजे तुणतुण्याची तार नव्हे. टिचकी मारल्यावर टणटण वाजला तर तो नक्कीच जास्त ताणलेला आहे.

तयारी

इंजिन थंड होऊ द्या. गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सगळ्यात आधी ती काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत किल्ली बंद असतानाही बॅटरीचा थेट करंट असतो. पाना तिथून बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, जाळ निघतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, गळ्यातला गमछा बाजूला ठेवा.

पाने कंपनीनुसार बदलतात, पण १२ पासून १९ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने जवळ असले की अडत नाही. खालच्या लांब बोल्टला मागून नट असेल तर एकाच नंबरचे दोन पाने लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. शिवाय स्टीलची फूटपट्टी, एखादा सरळ लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा, हातोडीचा लाकडी दांडा किंवा टॉमी (रेटायची लोखंडी सळई), साधा मल्टिमीटर आणि कोरडं फडकं. ताणकाटा मिळाला तर उत्तम. सामान तोलायचा हुकाचा काटाही चालतो. तो कशासाठी ते पुढे येईल.

बसवण्याआधी अल्टरनेटर आणि बेल्ट बघून घ्या

दुरुस्त होऊन आलेला अल्टरनेटर तसाच चढवू नका. पुली हाताने फिरवा. घरघर न करता फिरली पाहिजे, आणि वर-खाली हलवल्यावर लटपटता कामा नये. पुलीचा नट घट्ट आहे ना, तेही बघा. दुकानात दहा अल्टरनेटर एकावेळी उघडलेले असतात, त्यामुळे कधी कधी पुली दुसऱ्याच अल्टरनेटरची येते. जुना बेल्ट तिच्या खोबणीत बसवून बघा. बेल्टची वरची बाजू पुलीच्या काठाला समतल किंवा किंचित वर असायला हवी. खोल आत गेली, तर पुली तरी चुकीची आहे किंवा बेल्ट तरी झिजलेला आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. व्ही आकाराचा बेल्ट पुलीला तळाने पकडत नाही, दोन्ही कडांनी पकडतो. तो खोबणीत पाचरीसारखा रुततो आणि त्या रुतण्यातूनच पकड येते. तळ टेकला की रुतणं संपलं, मग कितीही ताणा, तो घसरणारच. म्हणून पुलीच्या खोबणीचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला तर समजायचं, झिजलेला बेल्ट तिथे घासत होता. अशा वेळी ताण वाढवून उपयोग नाही, बेल्टच बदलायचा.

बेल्ट उलटा करून वाकवून बघा. आडव्या भेगा, सुटलेले धागे, कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, यातलं काहीही दिसलं तर नवा आणा. नवा आणताना बेल्टवर छापलेला नंबर घेऊन जा. 'फलाण्या ट्रॅक्टरचा द्या' एवढं सांगून चालत नाही, कारण एकाच मॉडेलला दोन वेगवेगळे पंप लागलेले असू शकतात. बेल्टवर ऑइल दिसलं तर ते कुठून येतंय ते आधी शोधा. क्रँकच्या पुढच्या सीलमधून गळत असेल तर नवा बेल्टही आठवड्यात फुगून खराब होईल.

मळणीच्या आणि उसाच्या दिवसांत पुलीच्या खोबणीत भुसा, पाचटाचा चुरा आणि धूळ ऑइलमध्ये मिसळून बसलेली असते. कोरड्या फडक्याने, गरज पडली तर ब्रशने, तिन्ही पुल्या साफ करा. डिझेलने धुवू नका. रबराला डिझेल चालत नाही.

अल्टरनेटर जागेवर टांगणं

आधी खालचा लांब बोल्ट घाला. तो काढताना तिथून एखादी वायसर किंवा छोटी बुशी निघाली असेल तर ती होती तिथेच गेली पाहिजे. ती जागा भरायला टाकलेली नसते, अल्टरनेटरची पुली बाकीच्या पुल्यांच्या रेषेत आणायला असते. (अल्टरनेटर काढायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवले तर हा प्रश्नच येत नाही.) बोल्ट हाताने फिरेल तेवढाच घट्ट करा. वरचा बोल्ट खाचेच्या पट्टीतून घालून तोही तसाच ठेवा. आता अल्टरनेटर हाताने पुढे-मागे हलला पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने धाडकन खाली पडता कामा नये. किंचित अडखळत हलतो, अशी स्थिती हवी.

हलवताना कुई आवाज आला किंवा अल्टरनेटर तिरका झुकला, तर बोल्टचं भोक बघा. बऱ्याच वर्षांच्या ट्रॅक्टरमध्ये ते लंबगोल झालेलं असतं. अशा भोकात कितीही आवळा, बेल्टच्या ओढीने अल्टरनेटर वाकडा होतो आणि बेल्ट एका कडेने झिजतो. भोक बुश टाकून दुरुस्त करून घ्यावं लागतं.

बेल्ट चढवणं

अल्टरनेटर इंजिनाच्या अगदी जवळ ढकला. बेल्ट पंख्याच्या पात्यांवरून एक-एक पातं ओलांडत आत घ्या. आधी क्रँकच्या पुलीत, मग पंपाच्या, आणि शेवटी अल्टरनेटरच्या. जागा पुरत नाही म्हणून पुलीच्या काठावरून पेचकसाने बेल्ट उचकटून चढवायचा मोह होतो. तसं करू नका. वरून बेल्ट धडधाकट दिसतो, पण आतले दोरे तुटतात आणि तो पंधरा दिवसांत जातो. चढत नसेल तर बोल्ट अजून सैल करा. तरीही चढत नसेल तर बेल्टचा नंबर चुकलेला आहे.

चढवल्यावर सरळ तुकडा क्रँक आणि अल्टरनेटरच्या पुल्यांच्या तोंडाला लावून बघा. दोन्ही पुल्यांचे काठ सारख्याच जाडीचे असतील तर तुकडा सगळीकडे टेकला पाहिजे. काठ वेगवेगळे असतील तर समोरून एक डोळा मिटून बेल्टची धार बघा. बेल्ट पुलीत सरळ शिरतोय की तिरका, ते दिसतं. तिरका असेल तर वायसरची जागा चुकली असणार.

ताण: मोजायचा कसा आणि किती

बेल्टचा सगळ्यात लांब मोकळा भाग निवडा, बहुतेक ट्रॅक्टरांत तो क्रँक आणि अल्टरनेटर किंवा पंखा आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये असतो. मॅन्युअलमध्ये चित्रात बाण दाखवलेला असेल तर तीच जागा. दोन पुल्यांवर फूटपट्टी किंवा ताणलेली सुतळी ठेवा. मधोमध अंगठ्याने दाबा आणि बेल्ट त्या रेषेपासून किती खाली गेला ते मोजा.

किती जायला हवा? पहिला अधिकार मॅन्युअलचा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो आकडा १० ते १५ मिमीच्या आसपास असतो. मॅन्युअल नसेल तर जुना, चालणारा नियम असा: मोकळा भाग एका फुटापेक्षा कमी असेल तर ६ ते ८ मिमी, फूटभर किंवा जास्त असेल तर १० ते १३ मिमी. लांबीचा विचार न करता 'अर्धा इंच' म्हणणारे बरेच भेटतील. लहान अंतरात अर्धा इंच दबणारा बेल्ट सैलच असतो.

हे आकडे साधारण १० किलोच्या दाबाचे आहेत, आणि खरी गडबड इथेच होते. पैलवानाचा अंगठा आणि कॉलेजच्या पोराचा अंगठा एकच दाब देत नाहीत. म्हणून ताणकाटा. त्याचा हुक बेल्टच्या मधोमध अडकवा, काटा १० वर येईपर्यंत आडवा ओढा आणि बेल्ट किती सरकला ते फूटपट्टीवर वाचा. एकदा असं केलं की अंगठ्याला अंदाज बसतो. ताणकाटा नसेल तर किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर अंगठ्याने १० किलो दाबून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. आपण समजतो त्यापेक्षा तो दाब बराच जास्त असतो.

आता प्रत्यक्ष ताणणं. टॉमी किंवा दांडा इंजिनाचा ब्लॉक आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये घाला आणि अल्टरनेटर बाहेर रेटा. टॉमी कुठे टेकवता हे फार महत्त्वाचं आहे. पुलीच्या बाजूचं जाड कवच, जिथे बोल्टची कानपट्टी आहे, तिथेच. मागच्या बाजूच्या पातळ झाकणाला किंवा मधल्या तारांच्या भागाला टेकवली तर ॲल्युमिनियम फुटतं, आणि नुकताच दुरुस्त करून आणलेला अल्टरनेटर परत वायरमनकडे जातो. दुसरं टोक ब्लॉकच्या ओतीव भागावर ठेवा. डिझेलचे पाइप, फिल्टर, रेडिएटर यांचा आधार घेऊ नका. ताकद फार लागत नाही. लाकडी दांड्याने जेवढा रेटला जातो तेवढा ताण बहुतेक वेळा पुरतो, म्हणून सुरुवातीला मी लांब टॉमीपेक्षा हातोडीचा दांडाच वापरायला सांगतो.

एका हाताने रेटा धरा, दुसऱ्या हाताने खाचेतला वरचा बोल्ट आवळा. दोघं असाल तर एकाने रेटावं, दुसऱ्याने आवळावं. रेटा सोडा आणि पुन्हा मोजा. पहिल्या खेपेला माप बरोबर येत नाही, कारण आवळताना बोल्ट अल्टरनेटरला थोडं सोबत घेऊन जातो. सैल करा, पुन्हा करा. यात लाज नाही, जुना मिस्त्रीही दोनदा करतो. बरोबर आलं की वरचा बोल्ट पक्का करा आणि मग खालचा. क्रम असाच ठेवा. खालचा आधी पक्का केला तर अल्टरनेटर वर रेटला जात नाही, उलट वाकतो. खालचा पक्का करून झाल्यावर ताण परत एकदा तपासा, कारण त्या आवळण्यानेही माप थोडं बदलतं.

बोल्टला किती जोर? १३ चा पाना लागणारा बोल्ट ८ मिमी जाडीचा असतो, त्याला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. नेहमीच्या लांबीच्या पान्याने एका हाताचा चांगला जोर म्हणजे तेवढंच. पान्यावर पाइप चढवू नका. अल्टरनेटरच्या कानपट्टीत आटे ॲल्युमिनियमचे असतील तर ते सहज जातात.

वायरी

जाड वायर मागच्या मोठ्या बोल्टवर, स्प्रिंग वायसरसकट, घट्ट. ती सैल राहिली तर तापून जळते. बारीक वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याची. रबरी टोपी असेल तर ती चढवायला विसरू नका. वायरी बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब बांधा. सगळ्यात शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनामो चालतो का' हे बघायची एक जुनी खोड आहे. जुन्या काळच्या खऱ्या डायनामोला ते एखादवेळी खपून जायचं. अल्टरनेटरमध्ये डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, असतात. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात.

चालू करून बघणं

सुरू करण्याआधी टॉमी, पाना, फडकं आत राहिलेलं नाही ना, बघा. इंजिन सुरू झालं की चार्जिंगचा दिवा विझायला हवा. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १३.८ ते १४.५ आलं पाहिजे. आता हेडलाइट आणि मागचा नांगरणीचा दिवा लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या वर राहायला हवा.

दिवे लावून बघायचं कारण आहे. अल्टरनेटर काहीही पुरवत नसताना तो हलका फिरतो. १४ व्होल्टला ३५ अँपिअर द्यायला लागला की जवळपास ५०० वॅट झाले, आणि आतला तोटा धरला तर बेल्टवर एक अश्वशक्तीच्या वर ओढ येते. त्यात अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान, बेल्टचा विळखाही तिच्यावरच कमी. म्हणून घसरायला सुरुवात तिथूनच होते. दिवे लावल्यावर किंवा अचानक रेस दिल्यावर किंचाळी आली आणि व्होल्टेजही पडलं, तर बेल्ट सैल आहे. किंचाळी नाही, ताणही मापात आहे, पण व्होल्टेज पडतंय, तर दोष बहुधा बेल्टचा नाही. बेल्ट उगाच आवळत बसू नका, वायर किंवा अल्टरनेटर तपासा.

थंडीच्या दिवसांत पहाटे सुरू केल्यावर दोन-चार सेकंद आवाज येऊन थांबला, तर एवढ्यावरून लगेच ताण वाढवू नका. स्टार्टरने बॅटरीतून बरंच खेचलेलं असतं, अल्टरनेटर ते भरून काढत असतो, आणि बेल्टवर दव असतं. रोजच येत असेल आणि लांबत असेल तर मात्र मोजा.

आवाज घालवायला बेल्टवर साबण, राळ, ग्रीस किंवा मेण लावणारे अजूनही आहेत. राळेने आवाज थांबतो खरा, पण धूळ चिकटून पुली सँडपेपरसारखी बेल्ट खाते. साबण आणि ग्रीस तर बेल्टला अजूनच घसरवतात.

दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन बंद करा, आणि ताण परत मोजा. नवा बेल्ट या वेळात खोबणीत नीट बसतो आणि थोडा ढिला पडतो. हे होणारच. म्हणून नव्या बेल्टला पहिल्या वेळी मापाच्या घट्ट बाजूला ठेवतात, जुन्याला मध्यावर. अल्टरनेटरच्या पुलीला हात लावून बघायचा असेल तर इंजिन बंद केल्यावर, आणि जपूनच. चटका बसण्याइतकी तापली असेल तर बेल्ट घसरतोय.

तुमची गाडी वेगळी असेल तर

काही पिकअप आणि कारमध्ये खाचेच्या पट्टीला एक लांब ॲडजस्टर स्क्रू असतो. तिथे टॉमी लावायचीच नाही. दोन्ही बोल्ट सैल करून स्क्रू थोडा थोडा फिरवत माप आणायचं आणि मग बोल्ट आवळायचे. बोल्ट घट्ट असतानाच स्क्रू फिरवला तर त्याचे आटे जातात.

अनेक उभ्या रेघांचा चपटा बेल्ट आणि त्याच्यावर टेकलेली स्प्रिंगची पुली दिसली तर ताण ती स्प्रिंगच सांभाळते. पान्याने तिची दांडी फिरवून बेल्ट सैल करायचा, चढवायचा आणि दांडी सावकाश सोडायची. सोडण्याआधी प्रत्येक रेघ आपापल्या खोबणीत बसली आहे ना, हे बोट फिरवून बघा. एक रेघ बाहेर राहिली तर बेल्ट पहिल्याच दिवशी फाटू शकतो. काही नव्या गाड्यांत तर ताणायला काहीच नसतं, बेल्टच लवचीक असतो आणि खास हत्याराने चढवतात. त्याच्या नादी घरी लागू नये.

पुढचे काही दिवस

ट्रॅक्टरच्या तासांच्या मीटरवर आजचा आकडा लिहून ठेवा. नवा बेल्ट असेल तर पहिल्या दहा तासांच्या आत एकदा मोजा, त्यानंतर मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे जे तास दिलेत तेव्हा, आणि मळणीच्या हंगामात त्याहून लवकर. नव्यासारखा नसला तरी जुना बेल्ट धड असेल तर त्याच्यावर खडूने नंबर लिहून टूलबॉक्समध्ये टाका, सोबत खाचेतल्या बोल्टला लागणारा पाना. रात्री रानात बेल्ट तुटला तर घरी परत यायला तेवढं पुरतं.